साध्या सायकलला मोटार बसवताना आधी चिमटा बघा

लातूर-परभणीकडं शेताला जायला अजून सायकलच कामाला येते. तिला ३६ व्होल्टची हब मोटार, म्हणजे चाकाच्या मधोमध बसणारी मोटार, घरीही बसवता येते. मोटार २५० वॉटच्या आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आतच ठेवा. नोंदणी आणि लायसन्सची सूट ज्या नियमात आहे, त्यात ह्या मर्यादा आहेत. दुकानदार जास्त ताकदीचं किट पुढं करील, ते नको म्हणा.

किट पुढच्या चाकाचं घ्या. मागच्या हबला बहुधा १३५ मिलिमीटर जागा लागते, ती साध्या सायकलीत नसते. पुढं १०० मिलिमीटर लागते. घेण्याआधी पट्टीनं मोजा. चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारा दुफाटा, लोखंडीच हवा. शॉकअपचा किंवा ॲल्युमिनियमचा असेल तर त्यावर हे काम करूच नका.

आता खरं काम. मोटारीचा एक्सल दोन बाजूंनी चपटा असतो. मोटार चाकाला पुढं ढकलते तेव्हा एक्सल उलटा फिरू बघतो, आणि त्याला अडवते ती फक्त चिमट्याची खाच. एक्सल आत जात नसेल तर खाच कानशीनं थोडी थोडी घासून बघत राहा. खाच ढिली झाली की एक्सल फिरतो, वायर पिळवटते आणि चालत्या सायकलचं चाक निसटतं. दाताचे वॉशर खाचेत बसवा, टॉर्क आर्म, म्हणजे एक्सलला फिरू न देणारी पट्टी, चिमट्याला आवळा. तो किटमध्ये नसेल तर वेगळा विकत घ्या, पण त्याशिवाय सायकल रस्त्यावर काढू नका. पहिल्या फेरीनंतर नट पुन्हा तपासा.

साध्या सायकलचा रॉड ब्रेक रिमच्या आतल्या बाजूला घासतो. किटची रिम बहुधा त्यासाठी नसते. माझं मत स्पष्ट आहे: हँडल बदलून वायरचे ब्रेक घ्या. मग दाबताच मोटार बंद करणारे ब्रेक लिव्हरही बसतात.

कंट्रोलरच्या, म्हणजे मोटारीची वीज सांभाळणाऱ्या डब्याच्या, वायरी रंगाला रंग जोडा. बॅटरीजवळ फ्यूज टाका आणि बॅटरी सगळ्यात शेवटी जोडा. चाक उचलून धरूनच पहिल्यांदा थ्रॉटल (मोटारीचा वेग वाढवायचा खटका) द्या.

३६ व्होल्ट, १० अँपिअर-तासाची बॅटरी सपाट रस्त्यावर पायडल न मारता साधारण २५ किलोमीटर नेते. मे महिन्यात उन्हातून आल्याआल्या चार्जिंगला लावू नका; सावलीत गार होऊ द्या. पत्र्याच्या शेडमध्ये तर नकोच. पावसाळ्यात काळी माती मडगार्डमध्ये गच्च भरली की थ्रॉटल सोडा, उतरा, काडीनं चिखल काढा. अडकलेल्या चाकावर जोर दिला तर मोटार आणि कंट्रोलर दोन्ही तापून जळतात.