नाशिक जिल्ह्यातल्या आई-बाळाच्या जोडनोंदी संशोधनासाठी कशा मिळवाव्यात

एका बाळंतपणाची माहिती चार ठिकाणी विखुरलेली असते. गरोदरपणाची नोंद आरोग्यसेविका आरसीएच पोर्टलवर (माता-बाल आरोग्याची सरकारी ऑनलाइन नोंदवही) करते, प्रसूतीची नोंद रुग्णालयाच्या रजिस्टरमध्ये होते, बाळ अशक्त असेल तर एसएनसीयूमध्ये (आजारी नवजात बाळांच्या विशेष कक्षात) त्याचा वेगळा केसपेपर निघतो आणि पुढचं वजन-उंची अंगणवाडी सेविका पोषण ट्रॅकर या ॲपवर भरते. आईच्या हिमोग्लोबिनचा जन्मवजनाशी काय संबंध आहे हे पाहायचं, तर या नोंदी त्याच आईच्या आणि त्याच बाळाच्या आहेत याची खात्री हवी. अर्ज लिहिताना सगळ्यात जास्त डोकं इथे लावावं लागतं.

त्याआधी एक तपासा: कार्यालयात जायची गरज आहे का? प्रश्न जिल्हा पातळीचा असेल तर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी (२०१९-२१) पुरेशी ठरू शकते. तिच्या निनावी नोंदी संशोधनाचा उद्देश लिहून नोंदणी केल्यावर मिळतात आणि आई-बाळाची जोडणी तयारच असते. पाच वर्षांखालच्या मुलांच्या फाईलमध्ये (केआर) प्रत्येक ओळीत आईचीही माहिती असते. कुटुंबातल्या व्यक्तींच्या फाईलशी (पीआर) जोडताना व्ही००१ (वस्तीगट), व्ही००२ (घर) आणि बी१६ (घरातल्या यादीतला मुलाचा क्रमांक) हे रकाने एचव्ही००१, एचव्ही००२ आणि एचव्हीआयडीएक्सशी जुळवायचे. बी१६ शून्य असेल तर मूल त्या घरात राहत नाही. ती चूक नव्हे. व्ही००५ हा भारांक (हिशेबात त्या नोंदीला किती वजन द्यायचं तो आकडा) १० लाखांनी भागून वापरायचा. तालुक्याचं चित्र मात्र यातून मिळणार नाही. सुरगाणा आणि निफाड तालुक्यांची तुलना करायची असेल तर स्थानिक नोंदीच लागतील.

मग परवानगी कोणाची हे नीट ओळखा. अर्ज बहुतेक वेळा इथेच अडकतो. ग्रामीण भागातली प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि उपकेंद्रं जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे. जिल्हा रुग्णालय, उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयं जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. नाशिक आणि मालेगाव या दोन वेगळ्या महानगरपालिका, त्यांचे वैद्यकीय आरोग्य अधिकारीही वेगळे. पोषण ट्रॅकर महिला व बालविकास विभागाचा. पेठच्या बाईचं बाळंतपण जिल्हा रुग्णालयात झालं, तर तिच्या एका गरोदरपणासाठी दोन परवानग्या लागतात. दोन्ही अर्ज एकाच आठवड्यात द्या, एकाची प्रत दुसऱ्याला जोडा आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.

अर्जाच्या आधी एथिक्स कमिटीची, म्हणजे संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीची, मंजुरी. ती आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदलेली असावी. नवीन औषधे व क्लिनिकल चाचण्यांच्या २०१९च्या नियमांनुसार ते बंधनकारक आहे. आधीच जमलेल्या, ओळख काढलेल्या नोंदी वापरणार असाल तर आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार कमिटी प्रत्येक आईच्या संमतीतून सूट देऊ शकते. ती आपोआप मिळत नाही. ‘संमतीतून सूट’ असा वेगळा परिच्छेद लिहून कारण द्यावं लागतं. परदेशी संस्था सहभागी असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या तपासणी समितीचीही मान्यता लागते.

‘सर्व माहिती मिळावी’ असं लिहिलेला अर्ज पडून राहतो, आणि तो पडून राहणं बरोबरच आहे. कोणता कालावधी, कोणती केंद्रं, कोणते रकाने आणि प्रत्येक रकाना कशासाठी, हे एका तक्त्यात द्या. नावं, मोबाईल, आधार मागूच नका. जोडणी कार्यालयातच करून घ्या: बाळाच्या नोंदीत आईचा आरसीएच क्रमांक असतो, त्यावरून जोडी लावायची, मग दोन्ही क्रमांक काढून त्या जागी यादृच्छिक अभ्यास क्रमांक घालायचा आणि मूळ यादी कार्यालयातच ठेवायची. आरसीएच क्रमांकाचं नुसतं हॅशिंग (सूत्राने त्याचं सांकेतिक रूप करणं) चालत नाही. तो १२ अंकी आहे; सगळे शक्य क्रमांक चालवून बघणं संगणकाला फारसं जड नाही. तारखांऐवजी प्रसूतीवेळचे गर्भधारणेचे दिवस मागा. गावाऐवजी प्राथमिक आरोग्य केंद्र मागा. वर्षाला चार जन्म होणाऱ्या पाड्यावर नाव न लिहिताही आई ओळखू येते.

लांब क्रमांक असलेली कोणतीही फाईल एक्सेलमध्ये थेट उघडू नका. १२ अंकी आकडा १.२३ई+११ असा दिसतो, आणि तशीच सीएसव्ही सेव्ह केली की उरलेले अंक कायमचे जातात. दोन वेगळ्या आया एकच होतात. क्रमांकाचा रकाना मजकूर म्हणूनच आयात करायचा. कार्यालयात जोडी लावणाऱ्या ऑपरेटरलाही हे आधी सांगून ठेवा.

जिथे क्रमांक नाही तिथे कार्यालयातच नावावरून जुळवावं लागतं, आणि तिथे गोंधळ होतो. रुग्णालयात बाळाची नोंद आईच्या नावापुढे ‘बेबी’ एवढीच. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे गरोदरपण एका तालुक्यात आणि जन्म दुसऱ्या तालुक्यात. कधी आडनावही माहेरचंच लागतं. रोमन लिपीत भोये दोन-तीन तऱ्हांनी लिहिलं जातं. मोबाईल क्रमांक अनेकदा आशाताईंचा असतो, म्हणून एकाच क्रमांकावर वीस आया दिसल्या तर दचकू नका, पण त्यावरून जुळवूही नका. आईचं नाव, वय आणि प्रसूतीची तारीख यांतल्या दोन गोष्टी तंतोतंत आणि तिसरी थोड्या फरकाने जुळली तर जोडी धरावी. मग त्यातल्या शंभर जोड्या कार्यालयातल्या माणसाकडून मूळ रजिस्टरशी पडताळून घ्याव्यात. जुळ्यांना चुकून दुबार नोंद म्हणून काढू नका. जन्मवजन काही ठिकाणी किलोत, काही ठिकाणी ग्रॅममध्ये असतं, आणि बरोबर २.५ किलोवर संशयास्पद गर्दी दिसते. २.५च्या खाली कमी वजनाचं बाळ धरतात, म्हणून ही गर्दी निष्कर्ष थेट बदलते.

शेवटी न जुळलेल्या नोंदी. त्या टाकून देऊ नका. द्राक्षाच्या हंगामात सुरगाणा-पेठहून निफाड-दिंडोरीकडे मजुरीला गेलेली बाई, उशिरा नोंद झालेली, घरी बाळंत झालेली, बाळ दगावलेली: नोंद तुटते ती बहुतेक हिचीच. जिच्यासाठी हा अभ्यास करायचा, तीच गाळली जाते. जुळलेल्या आणि न जुळलेल्या आयांचं वय, तालुका, कितवं बाळंतपण आणि हिमोग्लोबिन शेजारी-शेजारी मांडून तो तक्ता प्रबंधात निकालांच्या आधी द्या. त्याची एक प्रत आरोग्यसेविकांच्या मासिक सभेतही ठेवा. कोणत्या उपकेंद्राच्या नोंदी का तुटल्या, हे त्या पाच मिनिटांत सांगतील.