एअर होस्टेस राहिलेल्या आईची स्मरणिका कशी करावी

तेरवीच्या घाईत स्मरणिका काढू नका. तेव्हा वृत्तपत्रातलं निवेदन आणि हार घालायला एक चांगला फोटो, एवढं पुरे. स्मरणिका वर्षश्राद्धाला ठेवा. तोवर मुंबई-दिल्लीकडचे जुने सहकारीही सापडतात.

पहिलं काम कपाटाचं. मावश्या-आत्या आठवण म्हणून साड्या नेतात आणि त्यात युनिफॉर्मची साडी नकळत निघून जाते. वाटणीआधी प्रत्येक वस्तूचा उजेडात फोटो घ्या. युनिफॉर्मची साडी सिल्कची असेल तर प्लॅस्टिकमध्ये नको, धुतलेल्या मलमलमध्ये गुंडाळा. दर सहा महिन्यांनी घडी बदला, नाहीतर ती त्याच रेषेवर चिरते. डांबरगोळी कापडाला टेकू देऊ नका. स्लॅबखालच्या माळ्यावर तर काहीच ठेवू नका. नागपूरच्या मे महिन्यात तिथे फोटो एकमेकांना चिकटतात. छातीवरचा बॅज पॉलिशने घासला की मुलामा जातो, कोरड्या कापडाने पुसा.

तारखा आठवणीवर सोडू नका. नेमणुकीचं पत्र, पीएफचे कागद, जुन्या पासपोर्टवरचे शिक्के बघा. बॅजवरून कंपनी ओळखा: २००७ च्या विलीनीकरणाआधी इंडियन एअरलाइन्स आणि एअर इंडिया वेगळ्या होत्या, आणि घरोघरी त्यांची सरमिसळ होते.

‘मुलांसाठी नोकरी सोडली’ हे वाक्य लिहिण्याआधी तर नक्की थांबा. ती एअर इंडियात असेल आणि पहिलं मूल १९८१ आधीचं असेल, तर सोडण्याचं पत्र शोधा. पहिल्या गरोदरपणात एअर होस्टेसची सेवा संपवण्याचा नियमच तिथे होता. सर्वोच्च न्यायालयाने नर्गेश मिर्झा खटल्यात तो १९८१ साली रद्द केला. नोकरी सोडली की सोडावी लागली, हा फरक तिच्या आयुष्यात मोठा आहे. त्यागाचं कौतुक करताना तो पुसू नका.

आईविषयीच्या मजकुरात ‘प्रेमळ, मनमिळाऊ’ कुणालाही लागू पडतं. भावंडांना, शेजारच्या काकूंना नेमकं विचारा. पहाटेची ड्यूटी असली की मुलींच्या वेण्या कोण घालायचं? दिवाळीत ड्यूटी लागली तर ओवाळणी कधी व्हायची? सुट्टी संपवून नागपूरच्या सोनेगाव विमानतळावरून परत निघताना बॅगेत संत्री असायची की सांभारवडी? उत्तरं मोबाईलवर रेकॉर्ड करा आणि बोलणाऱ्याच्या शब्दांतच ठेवा. ‘तिने कधीच तक्रार केली नाही’ असं कुणी म्हणालं, तर एकदा तिच्या बहिणीला विचारून बघा!

चिकट पानांच्या अल्बममधला फोटो ओढला की कागद फाटतो. बिनमेणाचा डेंटल फ्लॉस (दातांच्या फटी साफ करायचा धागा) खालून हळूहळू करवतीसारखा फिरवा. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो मात्र काचेसकटच स्कॅन करा. स्कॅनची बारकाई (डीपीआय) पोस्टकार्ड आकाराला ६०० ठेवा, पासपोर्ट फोटोला १२००. नातेवाइकांकडून व्हॉट्सॲपवर मागवाल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा. साध्या फोटोने पाठवलेलं छपाईत धूसर येतं. मागे नाव लिहायचं ते मऊ पेन्सिलने, कडेला; बॉलपेनचा ठसा पुढे उमटतो.

पानं चारच्या पटीत ठेवा, कारण मधोमध पिन मारायची असते. १६ पानं बहुतेक घरांना पुरतात. ए-५ आकारात पानाला २०० ते २५० शब्द बसतात.

खरी गडबड छापखान्यात होते. तुम्ही मोबाईलवर किंवा संगणकावर टाइप केलेला युनिकोड मजकूर तिथल्या जुन्या फॉन्टमध्ये बदलताना रफार आणि जोडाक्षरं उडतात. ‘वर्षा’चं ‘वषा’ झालेलं मोबाईलवर दिसतही नाही. म्हणून शेवटचं प्रूफ कागदावर काढून घ्या आणि घराबाहेरच्या माणसाकडून वाचून घ्या. आडनावं, गावं आणि सनावळी बोट ठेवून तपासायच्या. दहा प्रती जास्तीच्या छापा. कार्यक्रमानंतरच एखाद्या जुन्या सहकारी मैत्रिणीचा फोन येतो, आणि प्रत उरलेली नसते.