लेड झेपलिनची मागे राहिलेली गाणी कशी ऐकावीत

‘स्टेअरवे टू हेवन’, ‘कश्मीर’, ‘होल लॉटा लव्ह’, ‘ब्लॅक डॉग’. लेड झेपलिन या ब्रिटिश रॉक बँडचा विषय निघाला की गाडी या चार स्टेशनांच्या पुढे सहसा जात नाही. या गाण्यांवर माझा काही राग नाही. पण 1969 ते 1982 या काळात या बँडचे नऊ स्टुडिओ अल्बम आले, त्यांत 81 गाणी आहेत, आणि बऱ्याच लोकांची ओळख त्यातल्या दहा-बारांशीच असते.

उरलेल्यांकडे वळायचं तर ‘दुर्मीळ रत्नं’ असल्या याद्यांच्या नादी लागू नका. प्रत्येक गाण्याबद्दल एकच प्रश्न विचारा: हे मागे का राहिलं? स्टेजवर वाजवता येत नव्हतं? अल्बममध्ये जागा नव्हती? कारण कळलं की त्या कारणावरच कान ठेवून गाणं ऐका. या बँडच्या बाबतीत अडचण आणि गंमत बहुतेक वेळा एकाच ठिकाणी सापडतात. मी हौशीने बेस गिटार वाजवते, त्यामुळे माझा कान आधी बँडच्या बेस आणि कीबोर्ड वाजवणाऱ्या जॉन पॉल जोन्सकडे जातो. तेवढा पक्षपात गृहीत धरूनच पुढचं वाचा.

सर्वात आधी शफल, म्हणजे गाणी क्रम मोडून वाजवणं, बंद करा. या लोकांनी काही गाणी एकमेकांना जोडलेली आहेत आणि शफलने नेमके ते सांधे तुटतात. 1970 च्या तिसऱ्या अल्बमवर ‘फ्रेंड्स’ संपता संपता सिंथेसायझरचा एक घुमणारा स्वर सुरू होतो आणि त्याच स्वरावर ‘सेलिब्रेशन डे’ उभं राहतं. त्यामागचं कारण मजेशीर आहे. ‘सेलिब्रेशन डे’च्या सुरुवातीचे ड्रम टेपवरून चुकून पुसले गेले होते, म्हणून आधीच्या गाण्यातला स्वर ओढून ती जागा भरली. पहिल्या अल्बमवर ‘युअर टाइम इज गॉना कम’ हे आणखी एक दुर्लक्षित गाणं आहे. जोन्सच्या ऑर्गनने ते सुरू होतं आणि विरता विरता ‘ब्लॅक माउंटन साइड’मध्ये शिरतं. तिथे बँडचा गिटारवादक जिमी पेजच्या अकूस्टिक गिटारला विराम जसानींच्या तबल्याची साथ आहे. ही दोन्ही गाणी सुटी ऐकली तर अर्धी मजा जाते.

सुरुवात 1975 च्या ‘फिजिकल ग्राफिटी’पासून करा. नवी आठ गाणी एका तबकडीत मावेनात, पण दोन तबकड्या भरायला ती कमी पडत होती. मग आधीच्या अल्बमांतून वगळलेली गाणी बाहेर काढली आणि पंधरा गाण्यांचा दुहेरी अल्बम झाला. म्हणजे मागे राहिलेल्या गाण्यांचा साठा बँडने स्वतःच एका जागी आणून ठेवला आहे. ‘द रोव्हर’ त्याआधीच्या ‘हाउसेस ऑफ द होली’च्या वेळचं. ‘नाइट फ्लाइट’, ‘डाउन बाय द सीसाइड’ आणि ‘बूगी विथ स्टू’ तर चौथ्या अल्बमच्या वेळची, म्हणजे ‘स्टेअरवे’ची भावंडं. ‘नाइट फ्लाइट’ आधी लावा. त्यात जोन्सचा ऑर्गन गाणं ओढत नेतो, गिटार सोलो नाहीच, आणि गायक रॉबर्ट प्लांटचा आवाज पहिल्या ओळीपासून चढा आहे. साडेतीन मिनिटांत सगळा मामला आटोपतो. हे चौथ्या अल्बममधून कुणी आणि का काढलं असेल यावर मी मित्रांशी पुष्कळ भांडले आहे.

त्याच अल्बमवरचं ‘इन द लाइट’ मात्र घाईत ऐकायचं नाही. पावणेनऊ मिनिटांचं हे गाणं बँडने मंचावर कधीच सादर केलं नाही, कारण सुरुवातीचा सिंथेसायझरचा आवाज जोन्सला मंचावर जसाच्या तसा काढता येत नव्हता. तेव्हा कान तिथेच लावा. पेज अकूस्टिक गिटारवर चक्क व्हायोलिनचा बो फिरवतो आणि तानपुऱ्यासारखा एक सूर धरून ठेवतो. त्यावर जोन्सचे स्वर एखाद्या सनईसारखे वळत, घसरत येतात. ठेका नाही, घाई नाही. पहिली पावणेदोन-दोन मिनिटं बरेच जण पुढे सरकवतात. तेवढं करू नका, कारण त्यानंतर येणाऱ्या जड रिफचं (गिटारच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या सुरावटीचं) वजन या संथपणावरच तोललेलं आहे. आणि मध्येच तो उजळ, जवळजवळ बालगीतासारखा कीबोर्डचा तुकडा येतो, तेव्हा एकदम खिडकी उघडल्यासारखं होतं. ऐकून झाल्यावर 2015 च्या आवृत्तीत जोडलेल्या तबकडीवरचं ‘एव्हरीबडी मेक्स इट थ्रू’ लावा. हे याच गाण्याचं आधीचं रूप. गाणं तयार होताना काय काय बाजूला पडलं ते समोरासमोर ऐकायला मिळतं.

‘टेन इयर्स गॉन’ची अडचण वेगळी. पेजने त्यात चौदाएक गिटार एकावर एक चढवल्या आहेत. इअरफोन लावा आणि दर वेळी एकच गिटार पकडून शेवटपर्यंत तिच्यामागे जा. 1977 च्या दौऱ्यात हे गाणं मंचावर आणायचं तर जोन्सला तीन दांड्यांचं वाद्य गळ्यात अडकवून पायाने बेसचे पेडल दाबावे लागले. बेस वाजवणाऱ्या कुणालाही ते चित्र डोळ्यासमोर आणून घाम फुटेल.

चौथ्या अल्बमवरचं ‘फोर स्टिक्स’ याच जातीचं. बँडचा ड्रमर जॉन बोनमने दोन्ही हातांत दोन-दोन काठ्या धरून ते वाजवलं, म्हणून हे नाव. पाच आणि सहा मात्रांचे तुकडे आलटून पालटून येतात, त्यामुळे पहिल्यांदा सम सापडत नाही. टाळी देऊन मोजत बसलात तर चुकाल. रिफ तोंडाने गुणगुणा, मात्रा आपोआप बसतात. मंचावर हे 1971 मध्ये कोपनहेगनला एकदाच वाजल्याची नोंद आहे. आता याची जोडी ऐका: 1972 मध्ये पेज आणि प्लांट मुंबईत आले होते आणि इथल्या वादकांना घेऊन त्यांनी ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’ पुन्हा रेकॉर्ड केली. ती ध्वनिमुद्रणं चार दशकांहून अधिक काळ पडून होती आणि 2015 मध्ये ‘कोडा’ या 1982 च्या शेवटच्या अल्बमच्या वाढीव आवृत्तीत अधिकृतपणे बाहेर आली. माझं मत विचाराल तर ‘फ्रेंड्स’ इथे मूळ गाण्यापेक्षा खुलतं. ‘फोर स्टिक्स’ मात्र बोनमशिवाय थोडं लंगडतं.

त्याच वाढीव ‘कोडा’वर ‘हे हे व्हॉट कॅन आय डू’ मिळेल. 1970 मध्ये अमेरिकेत ‘इमिग्रंट साँग’च्या सिंगलची मागची बाजू म्हणून ते आलं, बँडच्या कुठल्याही मूळ अल्बमवर नव्हतं. सोपं, सैल, गाता येण्याजोगं. झेपलिन आवडत नाही म्हणणाऱ्याला आधी हेच ऐकवा.

1976 चा ‘प्रेझेन्स’ मी मुद्दाम मागे ठेवला. ऑगस्ट 1975 मध्ये ग्रीसच्या ऱ्होड्स बेटावर प्लांटच्या गाडीला अपघात झाला. त्यानंतर म्यूनिकमध्ये तो व्हीलचेअरवर बसून गायला आणि अल्बम तीनएक आठवड्यांच्या आतच पुरा झाला. कीबोर्ड अजिबात नाही, अकूस्टिक गिटारही जवळपास नाहीच. म्हणून पहिल्या ऐकण्यात हा अल्बम रुक्ष वाटतो. उपाय असा: ‘अकिलीस लास्ट स्टँड’ लावा आणि गिटारकडे दुर्लक्ष करून खाली जोन्सचा आठ तारांचा बेस ऐका. दहा मिनिटं तो घोडदौड करतो. दुसऱ्या वेळी बोनम ऐका, तिसऱ्या वेळी पेज. मग ‘फॉर युअर लाइफ’. हे चौघांनी एकत्र मंचावर कधी वाजवलंच नाही. ते पहिल्यांदा मंचावर आलं 10 डिसेंबर 2007 ला लंडनच्या ओटू अरीनात, बोनमचा मुलगा जेसन ड्रमवर असताना. त्या मैफलीची फिल्म ‘सेलिब्रेशन डे’ नावाने 2012 मध्ये आली. स्टुडिओतलं आणि मंचावरचं पाठोपाठ ऐका, रिफ किती संथ आणि दुष्ट आहे ते मंचावर जास्त कळतं.

1979 च्या अल्बमवरचं ‘कॅरूसेलाम्ब्रा’ दहा मिनिटांचं आणि सिंथेसायझरने भरलेलं. गिटारवाल्यांना ते खपत नाही. प्लांटचा आवाज वाद्यांखाली इतका दबलाय की शब्द लागत नाहीत, ही तक्रार मला मान्य आहे. तरी मधला संथ भाग येईपर्यंत थांबा. तिथेही कंटाळा आला तर खुशाल बंद करा.

आणि सगळंच ऐकलं पाहिजे असं काही नाही. तिसऱ्या अल्बमच्या शेवटी ‘हॅट्स ऑफ टू (रॉय) हार्पर’ आहे, थरथरत्या आवाजातलं. ते मागे राहिलं त्याला कारण आहे, आणि या एका बाबतीत मी बहुमताबरोबर आहे.