शक्तिमान ट्रक चेसिसपासून नव्याने कसा उभा करावा

लष्करातून निवृत्त झालेला शक्तिमान ताब्यात आला की पहिला मोह होतो तो इंजिन चालू करून पाहण्याचा. तो आवरा. जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यावर १९५९ पासून जबलपूरला बनलेला हा ट्रक १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत राबला आणि १९९६ पर्यंत बनत राहिला. त्याचं सगळं बळ चेसिसमध्ये, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यात आहे. इंजिन कधीही उतरवून दुरुस्त करता येतं, चेसिस मात्र सगळं वर चढल्यावर पुन्हा उघडी पडत नाही. म्हणून काम खालून वर करायचं.

आधी कागद, मग जागा

गाडी घेण्याआधी लिलावाचं पत्र आणि ताबा दिल्याचा कागद मागा. त्यावरचे चेसिस आणि इंजिन नंबर गाडीवर ठोकलेल्या नंबरांशी अंकन् अंक जुळवून पाहा. एखादा अंक गंजात गेला असेल तर पैसे देण्याआधी तिथली धूळ पितळी ब्रशने साफ करून बघा. २०२१ मध्ये आलेला व्हिंटेज नोंदणीचा नियम दुचाकी आणि प्रवासी मोटारींसाठी आहे, त्याच्या भरवशावर ट्रक घेऊ नका. नोंदणीचं काय होऊ शकतं हे तुमच्या आरटीओत आधीच विचारा.

मुंबईत सोसायटीच्या पार्किंगमध्ये हे काम होत नाही. भिवंडी, वसई किंवा तळोज्याकडे शेड भाड्याने घ्यावी. शेडमध्ये दोन गोष्टी हव्यात: हायड्रा क्रेन आत येईल एवढा दरवाजा आणि सपाट कोबा. कोबा का, ते पुढे येईलच. कामाचं वेळापत्रक मुंबईच्या हवेनुसार लावा. पावसाळ्यात छपराखाली गाडी खोला, मशीनशॉपची कामं उरका. ब्लास्टिंग (दाबाने कण मारून गंज काढणं) आणि रंग नोव्हेंबर ते फेब्रुवारी या कोरड्या महिन्यांसाठी राखून ठेवा.

खोलताना

प्रत्येक जोड सुटण्याआधी त्याचे फोटो काढा, नट-बोल्ट वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवून त्यांना पत्र्याचे बिल्ले बांधा. कागदी लेबलं तेलात विरघळतात. आधी मागचा हौदा, मग केबिन, मग इंजिन आणि गिअरबॉक्स, त्यानंतर ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलला ताकद वाटून देणारी पेटी), आणि शेवटी चेसिस घोड्यांवर, म्हणजे भक्कम स्टँडवर चढवून दोन्ही अ‍ॅक्सल. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कोणीही जाऊ नये, मदतनीस पोऱ्यासुद्धा.

दोन जागा जिवावर बेतणाऱ्या आहेत. पहिली म्हणजे चाकं. जुन्या जड गाड्यांचे रिम तुकड्यांचे असतात, कुठे लॉक रिंगचे तर कुठे दोन अर्ध्या भागांचे, नटांनी जोडलेले. व्हॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण सोडल्याशिवाय रिमला पाना लावू नका. परत हवा भरताना टायर लोखंडी पिंजऱ्यात ठेवा. दुसरी जागा म्हणजे पाटे, अर्थात स्प्रिंगच्या पट्ट्या. मधला बोल्ट सोडण्याआधी पाट्यांना दोन्ही बाजूंनी शिकंजा लावा, नाहीतर दबलेले पाटे उसळतात.

जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ड्रम उघडल्यावर कॉम्प्रेसरची हवा मारायची नाही. धूळ ओली करून ओल्या फडक्याने पुसा, आणि फडकं बंद पिशवीत टाका.

चेसिस

इथे घाई केली तर पुढचा सगळा खर्च वाया जातो, म्हणून जास्तीत जास्त वेळ इथेच द्या.

उघडी चेसिस पाण्याच्या पातळीने सपाट करून घोड्यांवर ठेवा. दोन्ही बाजूंच्या एकसारख्या भोकांतून ओळंबा सोडा आणि तो टेकतो तिथे कोब्यावर खडूने फुली मारा. अशा पाच-सहा जोड्या झाल्या की चेसिस बाजूला घ्या. आता जमिनीवर तिचा पूर्ण आराखडा दिसतो. दोन जोड्यांच्या तिरक्या समोर येणाऱ्या फुल्यांमधले कर्ण मोजा. दोन्ही कर्ण जुळले तर चेसिस सरळ आहे. काही मिलिमीटरपेक्षा जास्त फरक निघाला तर ती तिरकी बसलेली आहे. मग ती चेसिस दाबाच्या मशीनवर थंडच सरळ करणाऱ्या कारखान्यात न्या. गॅसच्या ज्वाळेने तापवून सरळ करून देतो म्हणणाऱ्याकडे देऊ नका. तापलेल्या पोलादाची मूळ ताकद जाते आणि पुढच्या खड्ड्यात ती तिथेच वाकते.

मग रिव्हेट. प्रत्येक रिव्हेटच्या एका डोक्यावर बोट टेकवा आणि दुसऱ्या बाजूने हलका हातोडा मारा. घट्ट रिव्हेट खणखणतो, सैल रिव्हेट बोटाखाली सूक्ष्म हलतो. कडेने तांबूस भुकटीची रेघ दिसली तर तो नक्कीच सैल आहे. सैल रिव्हेट छिन्नीने उडवून भोक रीमरने साफ करा आणि तिथे गरम रिव्हेट ठोकून घ्या. ते जमत नसेल तर भोकात घट्ट बसणारा हाय टेन्साइल बोल्ट चालतो. वेल्डिंगने टाका मारायचा नाही, विशेषतः चेसिसच्या वरच्या-खालच्या पट्टीवर तर मुळीच नाही. तिथेच सगळा ताण येतो आणि टाक्याच्या शेजारी तडा सुरू होतो.

तडा शोधायची जुनी पद्धत आजही कामाची आहे. पाट्यांचे ब्रॅकेट, स्टिअरिंग बॉक्सची जागा आणि क्रॉस मेंबरचे (चेसिसच्या आडव्या पट्ट्यांचे) कोपरे रॉकेलने माखा, थोडा वेळ थांबून कोरडे पुसा आणि वरून खडूची पूड चोळा. तड्यात शिरलेलं रॉकेल बाहेर झिरपतं आणि पांढऱ्यावर केसासारखी ओली रेघ उमटते. शंका आली तर डाय पेनेट्रंटचा स्प्रे आणून पक्कं करा.

चेसिसला आतून जोडपट्टी असेल तर दोन पत्र्यांमधला गंज पाहा. गंज फुगतो आणि जाड पत्रेही एकमेकांपासून दूर ढकलतो. तसं झालं असेल तर पट्टी सोडवणं भाग आहे, वरून रंग फासून ते झाकू नका.

ब्लास्टिंग आणि प्राइमर

समुद्राकाठच्या गाडीत मीठ मुरलेलं असतं. ब्लास्टिंगआधी चेसिस गोड्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा, नाहीतर खार पोलादात ठोकला जातो. रेती टाळा, तिची धूळ फुप्फुसं खाते. स्टील ग्रिट किंवा गार्नेट मागा. आणि चेसिस नंबरवर ग्रीस लावून जाड रबरी पट्टी घट्ट बांधा. ब्लास्टिंगने तो नंबर पुसट झाला तर आरटीओत गाडी सिद्ध करणं मुश्कील होईल.

उघडं पोलाद मुंबईच्या हवेत काही तासांत पिवळट पडतं. ब्लास्टिंग सकाळी आणि इपॉक्सी झिंक प्राइमर त्याच दिवशी, असाच बेत करा. पोलादाचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंशांनी जास्त हवं. साधा दमटपणा-मापक आणि पोलादाचं तापमान दाखवणारा थर्मामीटर जवळ ठेवला तर हे कळतं. क्रॉस मेंबरच्या पोकळ्यांत शेवटी मेणाचा थर सोडा.

जोडणी

बेअरिंग आणि ऑइल सील नागदेवी स्ट्रीटला मिळतात. जुना सील सोबत न्या आणि मापं घेऊन जुळवा. जुने सुटे भाग कुर्ल्याच्या बाजारात, तर जाड प्लेटा आणि शाफ्ट दारूखान्यात मिळतात. किंगपिन, बुश, शॅकल आणि ब्रेकचं सगळं रबर नवंच घाला. यात काटकसर करू नका. इंजिन फिरवण्याआधी प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं तेल घाला आणि मग हाताने फिरवा. फ्युएल पंप कॅलिब्रेशनवाल्याकडे द्या. वायरिंग २४ व्होल्टचं असेल तर १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये लावा. बल्ब, फ्लॅशर सगळं २४ चंच हवं.

बाहेरच्या रंगाबद्दल एक महत्त्वाची गोष्ट. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ च्या नियम १२१ नुसार ऑलिव्ह ग्रीन रंग संरक्षण दलाच्या गाड्यांसाठी राखीव आहे. रस्त्यावर न्यायची असेल तर दुसरा रंग निवडा आणि तो नोंदणीच्या कागदावर लिहून घ्या.

पहिली फेरी शेडच्या आवारात, रिकाम्या गाडीने घ्या. मग हौद्यात रेतीची पोती भरून पाटे अ‍ॅक्सलला धरून ठेवणारे यू-बोल्ट भाराखाली पुन्हा आवळा. नवे पाटे बसल्यावर हे बोल्ट सैल होतात. काही शे किलोमीटरनंतर तेच परत करा, आणि त्याच वेळी बदललेल्या प्रत्येक रिव्हेट आणि बोल्टवर एकदा हातोडा टेकवून आवाज ऐका.