तत्कारात गुडघा दुखतोय? आधी उभं राहणं तपासा

जळगावात घरच्या शहाबादी फरशीवर मी वर्षभर तत्कार, म्हणजे कथकमधलं बोलांवरचं पायांचं मूळ काम, घोटला आणि उजवा गुडघा धरला. मेहनत कमी नव्हती, उभं राहणंच चुकत होतं. वजन टाचांवर, कंबर मागे.

म्हणून घुंगरू बाजूला ठेवा आणि अनवाणी उभं राहा. अंगठ्याचं मूळ, करंगळीचं मूळ आणि टाच, तिन्हींवर सारखा भार हवा. गुडघे ताठ आवळू नका. रावेरकडे केळीचा घड डोक्यावर घेऊन बांधावरून चालणारी माणसं पाहिलीत का? मान उंच, खांदे सैल, हलतात ते फक्त पाय. आरशासमोर वर्षभरात जे उमगलं नाही, ते मला तिथे एका सकाळी उमगलं.

आता तत्काराचे बोल, ‘ता थेई थेई तत’, अगदी विलंबित, म्हणजे संथ लयीत. पाऊल चार बोटंच उचला, अख्खा तळवा एकदम पडू द्या. कान द्या: भरीव ‘थप्प’ आलं तर पाऊल सपाट पडलं, कोरडं ‘टक्’ आलं तर टाच आधी आपटली. तीनतालाच्या १६ मात्रा अशा स्वच्छ वाजेपर्यंत दुगुन, म्हणजे दुप्पट लय, नाही. गुडघ्यात कळ आली तर त्या दिवशी तिथेच थांबा.

चक्कर, म्हणजे गिरकी, नंतर. ती डाव्या टाचेवर फिरते, आणि घड तेव्हाही डोक्यावरच असतो.