ड्रोन गोल गोल फिरतोय? कंपास कॅलिब्रेट करायच्या आधी हे बघा

दिवाळीच्या सुट्टीत आतेभावाचा फोन आला. "दादा, लॉइटरला टाकला की घाण्याच्या बैलासारखा गोल फिरतो, आणि गोल मोठा मोठाच होत जातो." लॉइटर म्हणजे ड्रोनने जीपीएसच्या आधाराने एका जागी थांबायचा मोड. मी विचारलं कंपासचं कॅलिब्रेशन, म्हणजे त्याची चूक मोजून दुरुस्त करणं, किती वेळा केलंस, तर म्हणे सहा वेळा. कुठे केलंस? गच्चीवर. दुसऱ्या दिवशी तो ड्रोन घेऊनच आला आणि आम्ही दोघांनी अख्खा रविवार त्याच्यावर घालवला. त्या दिवशी जे जे बघितलं ते इथे क्रमाने लिहितोय, कारण हा प्रॉब्लेम घरी ड्रोन बनवणाऱ्या जवळपास प्रत्येकाला कधी ना कधी येतो आणि दहातले नऊ जण आधी कॅलिब्रेशनच करत बसतात. माझं म्हणणं एवढंच, कॅलिब्रेशन सगळ्यात शेवटी करा. बिघाड तसाच ठेवून कॅलिब्रेट केलं की चुकीचाच आकडा पक्का करून ठेवतो आपण.

त्याचा सेटअप सांगतो म्हणजे पुढचं कळेल. 450 ची फ्रेम, पिक्सहॉक हा फ्लाइट कंट्रोलर, त्यावर आर्डूकॉप्टर हे फर्मवेअर, एम8एन जीपीएस ज्याच्या डबीतच कंपास असतो, थ्री सेल लायपो बॅटरी. अगदी नेहमीचा हॉबी सेटअप. डीजेआयचा रेडीमेड ड्रोन असेल तर उघडून काही करता येणार नाही, पण जागेबद्दल आणि लोखंडाबद्दल खाली जे लिहिलंय ते त्यालाही तेवढंच लागू आहे.

आधी खात्री करा की दोष कंपासचाच आहे. स्टॅबिलाइझ आणि अल्टहोल्डमध्ये (हे मोड जीपीएसवर जागा धरत नाहीत) ड्रोन नीट उडतो आणि लॉइटर, पोसहोल्ड किंवा आरटीएलला (हे जीपीएसवर चालतात, आरटीएल म्हणजे आपोआप घरी परत येणं) टाकला की गोल फिरायला लागतो किंवा तिरकाच निघून जातो, असं असेल तर संशय कंपासवरच घ्यायचा. कारण सोपं आहे. जीपीएस सांगतो की तू दोन मीटर पूर्वेला सरकलास, मग ड्रोन पश्चिमेला जायला बघतो, पण पश्चिम कुठे आहे हे त्याला कंपास सांगतो आणि तोच 40-50 अंश चुकलेला असेल तर प्रत्येक दुरुस्ती तिरकी होते आणि तिरक्या दुरुस्त्यांचा मिळून गोल बनतो. चूक 90 अंशांच्या पुढे गेली तर गोलही उरत नाही, दुरुस्ती उलट्याच दिशेला होते आणि ड्रोन पळून जातो. म्हणून गोल फिरायला लागला की लगेच मोड बदलून अल्टहोल्ड किंवा स्टॅबिलाइझ करा आणि हाताने उतरवा. आरटीएल अजिबात दाबू नका, तो पण त्याच कंपासच्या भरवशावर घरी येणार असतो.

आता टेबलावरची पहिली टेस्ट, खरं तर लाकडी स्टुलावरची, कारण लोखंडी टेबल किंवा पलंग चालणार नाही. लॅपटॉपवर मिशन प्लॅनर हे ड्रोनच्या सेटिंगचं सॉफ्टवेअर लावा, ड्रोनचं तोंड उत्तरेला करा आणि एचयूडीवरचं, म्हणजे त्यातल्या उड्डाणाच्या पडद्यावरचं, हेडिंग (तोंड किती अंशाला आहे तो आकडा) बघा. उत्तर शोधायला फोनचा कंपास वापरलात तर दिशा बघून फोन लांब ठेवून द्या. मग ड्रोन उजवीकडे 90 अंश वळवा, हेडिंग 90 च्या आसपास यायला पाहिजे, मग 180, मग 270. उजवीकडे वळवल्यावर आकडा कमी होत असेल, किंवा तोंड उत्तरेला असताना सरळ 90 नाहीतर 180 चा फरक दिसत असेल, तर ओरिएंटेशन चुकलंय. एकतर जीपीएसच्या डबीवरचा बाण पुढच्या बाजूला नाहीये, नाहीतर कंपास ओरिएंट हा पॅरामीटर चुकीचा आहे. आणखी एक करा, तोंड उत्तरेलाच ठेवून ड्रोन पुढे मागे आणि मग डावीउजवीकडे 30 अंश कलवा. हेडिंग थोडं हलेल, पण 40-50 अंशांनी उडी मारत असेल तर चिप उलटी बसलेली असण्याची शक्यता मोठी आहे. आयनॅव हे दुसरं फर्मवेअर वापरणाऱ्यांना हे फार होतं, तिथे अलाइन मॅग हे सेटिंग बऱ्याच वेळा सीडब्ल्यू 270 फ्लिप करावं लागतं.

डेक्लिनेशनच्या मागे मात्र लागू नका. खरी उत्तर आणि चुंबकीय उत्तर यातला फरक आपल्या महाराष्ट्रात जेमतेम एक अंश भरेल आणि फर्मवेअर तो जीपीएसवरून आपोआप भरतो. काही जण तिथे हाताने आकडे टाकत बसतात, त्याने काही साध्य होत नाही.

कंपास दिसतच नसेल, म्हणजे कंपास नॉट हेल्दी असा मेसेज येत असेल, तर गोष्ट वेगळी. इथे लोक हमखास फसतात, कारण जीपीएसला बारा-चौदा सॅटेलाइट दिसत असतात म्हणून वाटतं मॉड्यूल ठीक आहे. पण एकाच डबीत असले तरी जीपीएस यूआर्ट या जोडणीवरून बोलतो आणि कंपास आय-टू-सी या दुसऱ्या जोडणीवरून, दोघांच्या वायरी वेगळ्या. जीपीएस चालू आणि कंपास गायब म्हणजे एसडीए आणि एससीएल या आय-टू-सी च्या दोन वायरी तपासायच्या. एका ड्रोनवर मला हाच बिघाड सापडायला दोन संध्याकाळी लागल्या होत्या. वायर बाहेरून एकदम चांगली दिसत होती, पण कनेक्टरपाशी बोटाने हलकेच वाकवली की कंपास यायचा आणि सोडली की जायचा, आतली तार क्रिंपच्या, म्हणजे तारेवर दाबून बसवलेल्या पिनेच्या, तोंडाशीच तुटलेली आणि वरचं प्लास्टिक मात्र अख्खं. मल्टिमीटर कंटिन्यूइटीवर ठेवून वायर वाकवत वाकवत तपासा, नुसती सरळ ठेवून तपासली तर बीप येतो आणि तुम्ही चुकीच्या जागी शोधत बसता. दुसऱ्या कंट्रोलरची केबल लावली असेल तर पिनांचा क्रमही बघा, एसडीए-एससीएल उलटे झालेले असतात. आणि आय-टू-सी ची वायर लांब ठेवू नका, वीतभर ठीक, हातभर नको.

चिपचंही एक आहे. स्वस्तातल्या मॉड्यूलवर एचएमसी 5883 लिहिलेलं असतं आणि आत निघते क्यूएमसी 5883. दिसायला सारख्या, पण पहिलीचा आय-टू-सी पत्ता 0एक्स1ई आणि दुसरीचा 0एक्स0डी, आतले रजिस्टरही वेगळे. जुन्या फर्मवेअरला दुसरी ओळखूच येत नाही. नवं फर्मवेअर टाकलं की बहुतेक वेळा काम होतं, चिप खराब आहे म्हणून फेकून देऊ नका.

आता मुख्य मुद्दा, करंट. आतेभावाच्या ड्रोनमध्ये हाच होता. जीपीएसची डबी त्याने डबल टेपने सरळ वरच्या प्लेटवर चिकटवली होती आणि तिच्या बरोबर खालून बॅटरीच्या लाल-काळ्या वायरी गेल्या होत्या, त्याही एकमेकींपासून चांगल्या दोन बोटं लांब. जरा हिशोब करून बघा. एका वायरमधून 20 अँपिअर जात असतील तर 10 सेंटिमीटरवर तिचं चुंबकीय क्षेत्र 40 मायक्रोटेस्ला भरतं आणि 5 सेंटिमीटरवर 80. पृथ्वीचं क्षेत्र आपल्याकडे साधारण 40 ते 43 मायक्रोटेस्ला, म्हणजे मिलिगॉसमध्ये 400 ते 430. मग त्या बिचाऱ्या चिपने ऐकायचं कोणाचं? आणि हा करंट थ्रॉटलबरोबर, म्हणजे मोटरींना दिलेल्या जोराबरोबर, कमीजास्त होतो, त्यामुळे कॅलिब्रेशनने जाणं शक्यच नाही, कॅलिब्रेशन करताना मोटरी बंद असतात ना.

ही अडचण आपल्याकडे फार जुनी आहे. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी व्हायच्या, आणि शहरात विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्यांच्या करंटने नोंदी बिघडतील म्हणून ते काम अलिबागला हलवलं. 1904 मध्ये तिथे नोंदी सुरू झाल्या, चुंबकीय नसलेलं साहित्य वापरून इमारत बांधली, आणि मुंबईत विजेची ट्राम धावली 1907 मध्ये. अलिबागची ती वेधशाळा आजही चालू आहे. मला हे फार भारी वाटतं, त्या लोकांनी तारेजवळ बसून आकडे दुरुस्त करण्यापेक्षा खाडीपलीकडे जाणं पसंत केलं. आपल्याला फक्त 10-12 सेंटिमीटर वर जायचंय.

तर करायचं काय. जीपीएससाठी मास्ट, म्हणजे उभी दांडी, लावा, बाजारात घडीचा मिळतो. नट-बोल्ट नायलॉनचे किंवा पितळेचे घ्या, मास्टसोबत येणारे स्क्रू आधी चुंबकाला लावून बघा, चिकटले तर बदला. बॅटरीपासून पॉवर मॉड्यूलपर्यंतच्या लाल-काळ्या वायरींना एकमेकींभोवती पीळ द्या, वेणी घालतो तसा, म्हणजे जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना मारतो. ईएससीच्या, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटच्या, इनपुट वायरींनाही तसंच. वायरी गरजेपेक्षा लांब असतील तर कापून छोट्या करा, वेटोळं करून झिपटायने बांधून ठेवू नका, वेटोळं म्हणजे कॉइलच झाली. बझर डबीपासून लांब ठेवा, काही बझरमध्ये चुंबक असतो. आणि एक छोटी गोष्ट जी कोणी सांगत नाही, चुंबकाच्या टोकाचा स्क्रूड्रायव्हर कंपासजवळ वापरू नका, त्याने लोखंडी स्क्रू स्वतःच चुंबक होऊन बसतात.

सुधारलं की नाही हे अंदाजाने ठरवू नका, कंपासमॉट, म्हणजे मोटरींच्या करंटने कंपास किती बिघडतो ते मोजणारी टेस्ट, करून आकडा बघा. पंखे काढून हे होत नाही, कारण लोडशिवाय मोटर फारच कमी करंट ओढते. पंखे पालथे करून एकेक मोटर पुढे सरकवून लावा, म्हणजे ड्रोन वर उडायच्या ऐवजी खाली दाबला जातो. तरीसुद्धा जाड लाकडी फळीवर पट्ट्याने आवळून बांधाच, आणि तुम्ही चार-पाच मीटर लांब थांबा, पोरांना घरात पाठवा. मग मिशन प्लॅनरमधून कंपासमॉट चालू करून थ्रॉटल हळूहळू 50 ते 75 टक्क्यांपर्यंत न्या, पाच-दहा सेकंद ठेवा, खाली आणा. इंटरफिअरन्स 30 टक्क्यांच्या आत आला तर छान, 30 ते 60 म्हणजे काठावर, 60 च्या वर म्हणजे उडवायचाच नाही. आतेभावाचा आधी 74 आला होता. मास्ट लावून, वायरींना पीळ देऊन पुन्हा केलं तर 11. कॅलिब्रेशनला तोपर्यंत आम्ही हातही लावला नव्हता.

पिक्सहॉकच्या आत पण एक कंपास असतो आणि तो पीडीबीच्या (बॅटरीची पॉवर वाटणाऱ्या बोर्डाच्या) डोक्यावरच बसलेला असतो, त्यामुळे छोट्या फ्रेममध्ये तो जवळजवळ कायम चुकतो. कंपासेस इनकन्सिस्टंट असा मेसेज बऱ्याच वेळा यामुळेच येतो, बाहेरचा एक सांगतो आणि आतला दुसरंच. मिशन प्लॅनरच्या कंपासच्या पानावर बाहेरचा पहिल्या नंबरवर आणा आणि आतल्याची टिक काढून टाका. हां, पण टिक काढायच्या आधी ओरिएंटेशन तपासलेलं असू द्या, कारण बाहेरचाच उलटा बसला असेल तरी मेसेज हाच येतो.

आता कॅलिब्रेशन. गच्चीवर नाही. स्लॅबमध्ये सळयांची जाळी असते, पाण्याच्या टाकीचा लोखंडी स्टँड असतो, खाली घरातल्या छताच्या पंख्याच्या वायरी. खात्री करायची असेल तर फोनचा कंपास कमरेच्या उंचीवर धरून बघा आणि मग तोच जमिनीजवळ न्या, बऱ्याच गच्च्यांवर सुई फिरताना दिसेल. मोकळ्या माळावर किंवा शेतात जा. उघड्या काळ्या कातळावर बसून पण करू नका, आपल्या बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं आणि डोंगरमाथ्यावरच्या काही खडकांजवळ तर साधा होकायंत्राचा काटाही हलतो. मातीचं मैदान उत्तम. मोटारसायकल लांब लावा, खिशातला फोन, किल्ल्या, हातातलं घड्याळ, बेल्टचं बक्कल सगळं बाजूला. बॅटरी ड्रोनवर जिथे असते तिथेच लावलेली पाहिजे. मग सहा बाजू, म्हणजे नाक वर, नाक खाली, डावी, उजवी, सरळ आणि पालथा, प्रत्येक बाजूला एक पूर्ण गिरकी, घाई न करता. झालं की रीबूट करा, ते विसरून लोक पुन्हा पुन्हा करत बसतात. एकदा नीट झालं की दर वेळी मैदानावर जाऊन करायची गरज नाही, ड्रोनवर काही नवीन लावलं, स्क्रू बदलले, जीपीएस हलवला किंवा जोरात पडला तरच करा.

मग टेस्ट. तीन-चार मीटर उंचीवर अल्टहोल्डमध्ये एक मिनिट थांबवा, हळूहळू एक पूर्ण चक्कर वळवा, मग लॉइटर, आणि अंगठा मोड स्विचवरच. लॉइटरमध्ये चारही दिशांना तोंड करून दहा-दहा सेकंद थांबा, कारण कधी कधी एका दिशेला ठीक असतो आणि दुसऱ्या दिशेला तोंड केल्यावर गोल सुरू होतो. लॅपटॉप सोबत असेल तर ईकेएफच्या (सगळ्या सेन्सरचे आकडे जुळवणाऱ्या गणिताच्या) खिडकीत कंपासची पट्टी बघा, 0.5 च्या खाली राहिली पाहिजे, 0.8 ओलांडत असेल तर उतरवा. घरी आल्यावर लॉगमध्ये मॅगफील्ड (कंपासने मोजलेलं चुंबकीय क्षेत्र) आणि थ्रॉटल एकावर एक लावून बघा. थ्रॉटल वर गेल्यावर मॅगफील्ड 10-20 टक्के हलणं चालतं, त्याहून जास्त हलत असेल तर वायरींकडे परत जा.

आतेभावाचा ड्रोन त्या संध्याकाळी माळावर लॉइटरमध्ये उभा राहिला, वारा होता तरी जागेवरून फार तर हातभर हलत होता. तो म्हणाला, आता वेग वाढवून बघू. मी म्हटलं आधी बॅटरी काढ आणि मास्टचा खालचा बोल्ट परत आवळ, हलतोय तो.