घर विकायचंय? रंगाऱ्याला नंतर बोलवा

घर विकायला काढलं की शेजारपाजारचे पहिला सल्ला देतात, रंग मारून घ्या. दुसरा, ईशान्येचा संडास हलवा. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात गेली २२ वर्षं मी घरांचे व्यवहार जुळवतोय. रंगापायी अडलेला सौदा मला अजून भेटायचाय. उलट नवा ऑइल पेंट दिसला की जाणतं गिऱ्हाईक भिंतीला नख लावून बघतं, ओल कुठं झाकलीय म्हणून. कौलं परतून घ्या, न्हाणीची मोरी वाहती करा, परड्यातलं भंगार काढा. एवढं पुरे. आणि खुशाल जुलैत दाखवा. आपल्या पावसात सोप्याची भिंत कोरडी दिसली की निम्मी घासाघीस तिथंच संपते.

घर अडतं ते नावावर. म्हणून फलक लावायच्या आधी, एजंटाला सांगायच्याही आधी, चार कागद एका चटईवर मांडा: मूळ खरेदीपत्र, सिटी सर्व्हेचा उतारा, महापालिकेचा ई-खाता (मिळकतीची ऑनलाइन नोंद) आणि आधार. मालकाचं नाव अक्षर न अक्षर जुळवा. घर अजून आजोबांच्याच नावावर असेल तर आधी वारसा लावून घ्या, मग पुढचं बोलू.

ही जुळवाजुळव वाटते तेवढी सोपी नाही. १९५६ च्या आधी आपण मुंबई राज्यात होतो, त्यामुळं त्या काळचं खरेदीपत्र मराठीत, क्वचित मोडीतही असतं. नंतरचे उतारे कन्नडात. आधारवर कन्नड आणि इंग्रजी. एकच ‘चव्हाण’ तीन लिप्यांतून फिरून येईतोवर एका कागदावर ‘चवाण’ झालेला असतो, दुसऱ्यावर ‘चौहाण’. आपण नाव, वडिलांचं नाव, आडनाव या क्रमानं लिहितो; कुणी कारकून आडनाव पुढं घेतो आणि वडिलांना एका अक्षरात गुंडाळतो. आपल्याला तो एकच माणूस दिसतो. बँकेच्या वकिलाला दिसत नाही, आणि त्यात त्याची काही चूक नाही.

त्याहून अवघड प्रकरण बायकांच्या नावाचं. यात मी स्वतः आपटलोय. शहापुरातलं आमचं वडिलोपार्जित घर, गिऱ्हाईक पक्कं, भाव पक्का, फक्त आत्याची सही हवी होती. वंशावळीत ती माहेरच्या नावानं, आधारवर सासरच्या. नुसतं आडनाव बदललं असतं तर निभावलं असतं. तिचं तर नावच बदललेलं, लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं लिहून. माहेरची कमल सासरी सुनंदा झाली, हे आपल्याकडं घरोघर आहे; कागदाच्या लेखी मात्र त्या दोन वेगळ्या बायका. नोंदणीच्या दिवशी बघून घेऊ म्हणालो. गिऱ्हाइकाच्या बँकेनं कर्ज थांबवलं, गिऱ्हाईक गेलं, घर १४ महिने कुलुपात.

तेव्हा असं करा. ‘ही दोन्ही नावं माझीच’ असं प्रतिज्ञापत्र करा, पण नोटरीचा शिक्का मारून गप्प बसू नका. त्याला माहेरच्या नावाचा शाळेचा दाखला जोडा. दाखला नसेल तर जुनं रेशन कार्ड, लग्नपत्रिका, जे सापडेल ते. ट्रंकेच्या तळाशी काहीतरी असतंच. दस्तात ‘ऊर्फ’ लावून दोन्ही नावं घाला. मसुदा गिऱ्हाइकाच्या वकिलाला आठवडाभर आधी दाखवा.

आणि बहिणींना गाळू नका. ‘लग्नात दिलं की, आता काय’ हे वाक्य मी दर महिन्याला ऐकतो. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मानं हक्क देणारा कायदा कर्नाटकात ३० जुलै १९९४ लाच आला, तेव्हा लग्न न झालेल्या मुलींपुरता. केंद्राच्या दुरुस्तीनं ९ सप्टेंबर २००५ पासून ती अट गेली. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की त्या दिवशी वडील हयात असायलाच हवेत असंही नाही. तेव्हा साध्या स्टँपवर लिहून घेतलेलं ‘मला काही नको’ चालत नाही. हक्कसोड नोंदणीकृतच हवी. घरच्या घरात असेल तर मुद्रांक ठरावीक रकमेचा, घराच्या किमतीवर टक्केवारीनं नाही. बहिणीला खरा भाव सांगा. किंमत लपवून, साडीचोळी करून घेतलेल्या सह्या पुढं कोर्टात गेलेल्या मी पाहिल्यात.

बाकीचं पटापट. ई.सी., म्हणजे मिळकतीवरच्या बोजांचा दाखला, काढा आणि फेडलेल्या सोसायटी कर्जाचा बोजा उताऱ्यावरून कमी झालाय का बघा. कर्ज फिटतं, नोंद तशीच राहते. घर पंचायतीत असेल तर ई-स्वत्तूचे, म्हणजे पंचायतीच्या ऑनलाइन मिळकत नोंदीचे, फॉर्म ९ आणि ११ लागतात. ११-बी (रीतसर मंजुरी नसलेल्या जागेचा) असेल तर बहुतेक बँका कां-कूं करतात, म्हणून रोखीचंच गिऱ्हाईक धरून चाला. घरपट्टी, पाणीपट्टी, हेस्कॉमचं विजेचं बिल भरून टाका.

भाव पुण्यातल्या मुलाला विचारून ठरवू नका. त्याच्या डोळ्यापुढं कोथरूड असतं. नोंदणी खात्याच्या ‘कावेरी’ संकेतस्थळावर गाइडन्स व्हॅल्यू, म्हणजे सरकारी दर, बघा, गल्लीत खरोखर विकलेल्या दोन घरांचा भाव काढा. ३१ ऑगस्ट २०२५ पासून नोंदणी फी १ टक्क्याची २ टक्के झालीय, गिऱ्हाईक ती तुमच्या भावातून कापू बघेल. तयारीत राहा.

संचकार (विसार) चेकनं किंवा बँकेतूनच घ्या. २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर तेवढाच दंड घेणाऱ्याला, म्हणजे तुम्हाला. ५० लाख आणि वरच्या व्यवहारात गिऱ्हाईक १ टक्का टी.डी.एस. कापतो, त्यावर भांडू नका.

नोंदणीच्या दिवशी म्हाताऱ्या बायकांना घरून निघतानाच सांगून ठेवा, तिथं कुठलं नाव पुकारतील ते. आमच्या वेळी संगणकावरच्या पोरानं आत्याचं माहेरचं नाव तीनदा पुकारलं. ती शेजारच्या बाईकडं वळून म्हणाली, ‘‘कुणाला बोलावतायत बघा हो.’’